खालून अकरा इंच

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता दिवाणखान्याचे दोन नवे पडदे खालून अकरा इंच कापण्यात आले. घटनास्थळ, कोपऱ्यावरचं शिलाईचं दुकान. जीवितहानी नाही.

कात्री टेलरमास्तरांनी चालवली, हुकूम उपसंपादकांचा होता. उपसंपादक वर्तमानपत्रातून निवृत्त झाले त्याला आता बरेच महिने झाले होते, तरी इमारतीत त्यांना सगळे उपसंपादकच म्हणत. नोकरीत असताना हाताखालची मंडळी त्यांना ‘कात्री’ म्हणायची, अर्थात पाठीमागे. उपसंपादकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पडद्यांच्या खालच्या काठाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून टाचण्या मारलेल्या होत्या. मास्तरांनी आधी शहाणपणाचा सल्ला दिला. “साहेब, कापू कशाला? दुमडून आत घेतो. पुढे वाटलं तर सोडता येईल.”

“दुमडलेला मजकूर कधी ना कधी बाहेर येतो, मास्तर. कापा.”

“बरं. मग हे कागदासकट कापू?”

उपसंपादक वाकले. त्यांना कागद दिसला नाही, कागदावरचा मथळा दिसला. ‘पुलाचे काम पूर्णपणे पूर्ण’. त्यांच्या कपाळावर आठी चढली. “पूर्णपणे पूर्ण! म्हणजे काय? अपूर्णपणे पूर्ण असतं का कधी? कोणाला बसवतात हल्ली डेस्कवर!”

“साहेब, कागद?”

“कागदासकट. आणि तुकडे तुम्हीच ठेवा. शेवटचं गेलं म्हणून जगात कुणाचं काही अडत नाही.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर उच्चारलं होतं आणि त्यावर घर चालवलं होतं. बातमी खालून कापायची असते. महत्त्वाचं सगळं पहिल्या वाक्यात येतं, मग कमी महत्त्वाचं, मग त्याहून कमी, आणि शेवटी वार्ताहराची हौस. रात्री जाहिरात आली, जागा कमी पडली की हौसेपासून कापत वर यायचं. या कामाला डेस्कवर अनेक शब्द होते आणि उपसंपादक ते काटेकोरपणे वापरत. नवख्याचा मजकूर ‘कापला’ जाई, जुन्याजाणत्याचा ‘आवरला’ जाई, मालकांच्या साडूचा ‘संपादित’ होई. कवितेला मात्र ते हात लावत नसत, ती पूर्णच काढून टाकत. त्याला ‘जागेअभावी’ म्हणत.

इतक्या वर्षांच्या सवयीने माणसाचा कानही तसाच होतो. उपसंपादक कुणाचंही पहिलं वाक्य लक्ष देऊन ऐकत आणि उरलेलं खालून कापत. डॉक्टरचं, गॅसवाल्याचं, बायकोचं.

बायको रक्तपेढीत कामाला होती. सकाळपाळी संपवून ती तीनला घरी आली. पडदे लागलेले होते. खिडकीच्या कट्ट्याच्या वीतभर वरच थांबलेले, सुटसुटीत, एक शब्द जास्त नाही असे. उपसंपादक बाजूला उभे होते. त्यांची शाबासकीची अपेक्षा होती.

बायकोने पर्स खाली ठेवली नाही. “काठ कुठंय?”

“कसला काठ?”

“अहो, मी जाताना काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“पडदे आखूड करून आणा.”

“पुढे?”

“पुढे होतं?” उपसंपादकांनी प्रामाणिकपणे विचारलं.

पुढे होतं. बायकोने ते चपला घालता घालता सांगितलं होतं, एका दमात सांगितलं होतं, आणि आता तिने ते शब्दाशब्दावर थांबून पुन्हा सांगितलं. पडदे आखूड करून आणा. पण वरून. खालच्या काठाला हात लावू नका. ताईने तिथे काहीतरी भरलंय. कागद ती स्वतः येऊन काढणार आहे. शुक्रवारी.

उपसंपादक सोफ्यावर बसले. त्यांच्या लक्षात आलं की सगळी बातमी शेवटच्या वाक्यात होती. अशी रचना करणाऱ्या वार्ताहराला त्यांनी दारात उभं केलं नसतं. पण हे बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती, एवढं भान त्यांना होतं.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. शाळेत ग्रंथपाल होती. निवृत्त झाली तेव्हा तिने आपल्या ग्रंथालयावर एक लेख लिहिला आणि हौसेने मेहुण्यांच्या पेपरला पाठवला. मेहुण्यांनी तो छापला. म्हणजे, खालून कापून छापला. कापलेल्या भागात धाकट्या बहिणीचे आभार होते. हिने आपल्या पहिल्या पगारातून मला कपाटं घेऊन दिली, नाहीतर पुस्तकं पोत्यातच राहिली असती, असं काहीसं. लेखभर ताई त्या परिच्छेदाकडेच चालत आली होती. तो छापून आला नाही म्हणून ताई चिडली, “जागा नसेल गं” असं बायको म्हणाली म्हणून आणखी चिडली, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. चार वर्षं. परवा अचानक पडद्यांचं पार्सल आलं आणि त्यापाठोपाठ फोन. फोनवर ताई जेमतेम तीन वाक्यं बोलली. बायको मात्र फोन ठेवल्यावरही बराच वेळ तो हातात धरून उभी होती.

“शुक्रवारी ताई येईल,” बायको म्हणाली, “आणि बघेल की तुम्ही तिचं पुन्हा खालून कापलंत. मग ती उठून जाईल. यावेळी गेली तर परत येणार नाही. आणि मी तिला अडवणारही नाही. कुठल्या तोंडाने अडवू?”

मग ती आत गेली. भांडी आदळली नाहीत. उपसंपादकांच्या तोंडचं पाणी पळालं ते त्यामुळे.

ते पायात येईल ती चप्पल घालून दुकानात गेले.

“तुकडे? दिले की,” मास्तर म्हणाले. “बालवाडीच्या बाई आल्या होत्या पिशवीचा बंद लावायला. कागद फाडून बघितला, खाली बदकं! केवढी खूश झाली बाई. म्हटलं, घेऊन जा.”

“मी ‘ठेवा’ म्हणालो होतो. ‘वाटा’ म्हणालो नव्हतो!”

“साहेब, तुम्ही ‘कापा’ पण म्हणाला होतात,” मास्तर म्हणाले आणि मशीन चालवू लागले.

बालवाडी दोन गल्ल्या पलीकडे होती. वर्ग सुटले होते. फळ्याच्या वर, भिंतीवर ताईचे दोन्ही काठ ठोकलेले होते. उपसंपादकांनी ते पहिल्यांदाच पाहिले. निळ्या दोऱ्याचं पाणी, हिरव्या दोऱ्याची लव्हाळी, एका पट्टीच्या टोकाला एक मोठं बदक, मान मागे वळवून थांबलेलं. दुसऱ्या पट्टीच्या टोकाला एक छोटं बदक, एक पाय उचलून निघालेलं. दोन्ही पडदे ओढले की मधोमध दोघांच्या चोची जुळणार, अशी ती रचना होती. इथे मात्र पट्ट्या उलटसुलट लागल्या होत्या. बदकांची एकमेकांकडे पाठ होती.

“चित्रं चुकीची लागलीत,” उपसंपादक सवयीने म्हणाले.

“मुलांना तशीच पाठ झालीत,” मागून आवाज आला. त्या बालवाडीच्या मुख्य बाई होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या लहान होत्या, पण तो मुद्दा कुणी काढत नसे.

उपसंपादकांनी हकीकत सांगितली. थोडक्यात. “ही बदकं माझी आहेत.”

मोठ्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि एक जाड वही काढली. “होती. दुपारी दोन वाजता ती साठ्यात जमा झाली. हे बघा. बदक, कापडी, नग दोन. साठ्यातली वस्तू बाहेर काढायची तर ती एकतर हरवलेली पाहिजे किंवा मोडलेली पाहिजे.”

“पण ती तर समोर दिसताहेत. धडधाकट.”

“हीच अडचण आहे.”

“मग हरवली असं लिहा.”

“समोर दिसत असताना? तपासणी येते आमची!”

उपसंपादक रिकाम्या हाताने घरी आले. आल्यावर त्यांनी बायकोला काठावर काय होतं ते सांगितलं. मोठं बदक थांबलेलं, छोटं निघालेलं. बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

“बाबा आम्हाला बदकं म्हणायचे,” ती म्हणाली. “ताई पुढे, मी मागे. रस्त्यात मी रेंगाळले की ताई अशीच वळून उभी राहायची.”

मग तिने देठं आणि पानं एकाच पातेल्यात टाकली, आणि ती तशीच शिजली.

बुधवारी सकाळपर्यंत इमारतीत बातमी फुटली होती. इमारतीला अशा वेळी वर्तमानपत्र लागत नाही. समोरच्या काकू वाटी परत करायच्या निमित्ताने आल्या आणि पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “तोकडा झालाय हो,” त्या म्हणाल्या, जणू एखाद्या वाढत्या मुलीचा फ्रॉक असावा. “दुसरी बदकं रंगवून घ्या ना. माझा भाचा रंगवतो.”

“बदकं?”

“म्हशी. पण शिकेल.”

वरच्या मजल्यावर निवृत्त इंजिनिअर राहत. ते मोजपट्टी घेऊनच आले. खिडकीची उंची घेतली, पडद्याची घेतली, कागदावर आकडे मांडले आणि निष्कर्ष दिला. “पडदा लांब होत नाही म्हणता ना? मग खिडकी आखूड करा.”

उपसंपादकांनी श्वास रोखून धरला. इतक्या वर्षांत इतका स्वच्छ विचार त्यांनी ऐकला नव्हता.

“म्हणजे कसं,” इंजिनिअर म्हणाले, “पाहुणीला वाटेल, खिडकीच एवढी आहे. मग पडदा कापलाय असं वाटणारच नाही. काठ कुठे गेला ते विचारेल, पण कापलाय असं नाही वाटणार.”

या युक्तिवादात एक मोठं भोक होतं. पण बुडत्याला काडीचाही आधार असतो, इथे तर मोजपट्टी होती. बायको कामावरून यायच्या आत उपसंपादकांनी माळ्यावरून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवले. स्वतःच्या कारकिर्दीतले. ते त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर, काचेला लागून, बरोबर अकरा इंच उंचीपर्यंत रचले. खिडकी खालून अकरा इंच आखूड झाली. खोलीत संध्याकाळ झाली.

गठ्ठ्यांच्या दर्शनी बाजूंचे मथळे रस्त्याकडे होते, ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. तळमजल्याच्या खिडकीत मथळे लागले की लोक वाचतात. दुपारी चौघेजण कुंपणाशी उभे राहून एका संपाविषयी तावातावाने बोलत होते. तो संप मिटून वीस वर्षं झाली होती. भाजीवाल्याने ‘येत्या चोवीस तासांत वादळाचा इशारा’ वाचला, आभाळाकडे पाहिलं, आणि हातगाडी वळवून घरी गेला. समोरच्या काकूंना टोमॅटो मिळाले नाहीत. त्यांनी सेक्रेटरींना फोन केला.

अडीचच्या सुमारास सोसायटीची नोटीस आली. दीड पान. इमारतीच्या दर्शनी भागाच्या सौंदर्यास बाधा, सदनिकाधारकांच्या मनात निर्माण झालेलं संभ्रमाचं वातावरण, सबब, तरी, अन्यथा. उपसंपादकांनी ती वाचली. वाचता वाचता हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. त्यांना कळायच्या आत नोटीस एका ओळीवर आली होती, ‘खिडकीतली रद्दी काढा.’ खाली सवयीने ‘छापा’ असं लिहून त्यांनी ती परत पाठवली.

सेक्रेटरी स्वतः खाली आले. रागापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख जास्त होतं. “मी दोन दिवस रजा घेऊन नोटिसा लिहायला शिकलोय, साहेब. ‘संभ्रमाचं वातावरण’ माझं स्वतःचं होतं. तुम्ही तेही ठेवलं नाही.”

“चांगलं होतं ते,” उपसंपादक म्हणाले. “फक्त शेवटी होतं.”

“शेवटी असतं ते चांगलंच असतं! मी तिथपर्यंत जपून आणतो!” सेक्रेटरी गेले. जाताना दार त्यांनी इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही.

बायको आली, काळोख्या खोलीत उभी राहिली, गठ्ठ्यांकडे पाहिलं, आणि तिने फक्त दिवा लावला. त्या दिव्याच्या उजेडात उपसंपादकांना आपण उंटावरून शेळ्या हाकतोय हे स्पष्ट दिसलं. ते पुन्हा बालवाडीत गेले.

मोठ्या बाईंनी रात्री विचार केला होता म्हणे. नियमांत एक फट होती. साठ्यातली वस्तू दुरुस्तीसाठी बाहेर जाऊ शकते. फक्त एका वेळी एकच नग, आणि पहिला परत आल्याशिवाय दुसरा नाही.

“पण काय दुरुस्त करायचं म्हणून लिहू?” उपसंपादकांनी विचारलं.

“त्याचा एक पाय उचललेला आहे. तेवढं पुरे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मात्र माझं एक काम करा. आमच्या बाई रजेवर आहेत. उद्या गोष्टीचा तास घ्या. तुम्ही पेपरवाले. तुम्हाला काय अवघड?”

गुरुवारी उपसंपादक एका बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. समोर सतरंजीवर वर्ग. डोक्यावर बदकं, एकमेकांकडे पाठ करून. उपसंपादकांनी घसा साफ केला.

“दोन बदकं तळ्यावर गेली आणि परत आली.”

झाली गोष्ट. कोण, कुठे, काय, सगळं त्यात होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि उठायला गेले.

“मग?” वर्गातून आवाज आला.

“मग काही नाही. परत आली ना.”

“का गेली?”

“डबा नेला होता?”

“त्यांची आई कुठंय?”

“मग?”

असे वाचक उपसंपादकांना आजवर कधी भेटले नव्हते. पेपर वाचणारा पहिली ओळ वाचतो आणि पान उलटतो, या श्रद्धेवर त्यांचा जन्म गेला होता. इथे पान उलटायला कुणी तयारच नव्हतं. डबा नेला होता, त्यांनी कबूल केलं. डब्यात काय, यावर ते अडखळले. मोठं बदक पुढे चालायचं. छोटं रेंगाळायचं. का रेंगाळायचं? त्याला लव्हाळी मोजायची असायची. किती होती? मोजायची राहिली, कारण मोठं बदक वळून थांबायचं आणि म्हणायचं, चल गं. मग? मग एके दिवशी एक माणूस आला, त्याच्या हातात एक मोठी कात्री होती, आणि त्याने तळ्याचा काठच कापून नेला.

“का कापला?”

“त्याला वाटलं, काठावर काही नसतं.”

“तो वाईट होता?”

उपसंपादकांनी वर बदकांकडे पाहिलं. “वाईट नव्हता,” ते म्हणाले. “घाईत होता.”

“मग बदकं?”

“एक या बाजूला राहिलं, एक त्या बाजूला. मोठ्याला वाटलं, छोट्यानेच काठ नेऊ दिला. छोट्याला वाटलं...”

आणि मग काय झालं ते उपसंपादकांना नीट आठवत नाही. गोष्ट चालत राहिली. त्यात एक बेडूक आला, बेडकाने दीड पानाची नोटीस काढली. त्यात एक म्हैस आली, ती बदकासारखी रंगवलेली होती. घंटा झाली ती कुणी ऐकली नाही. शेजारचा वर्ग दाराशी येऊन उभा राहिला. अखेर मोठ्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटली.

“साहेब, आटोपतं घ्या.”

हे शब्द उपसंपादकांनी इतरांना हजारदा ऐकवले होते. त्यांना ते आज पहिल्यांदा ऐकू आले. ते लागले.

“बाई, शेवट राहिलाय!”

“शेवट सोमवारी सांगा.”

“शेवटच तर महत्त्वाचा असतो!” उपसंपादक बुटक्या खुर्चीवरून अर्धवट उठत ओरडले. मग त्यांनी आपलंच वाक्य ऐकलं आणि ते पुन्हा खाली बसले. खुर्ची किंचित मोडली. मोठ्या बाईंनी लगेच वहीत नोंद केली. खुर्ची, नग एक, दुरुस्तीस पात्र.

मोठं बदक द्यायला मुलांनी साफ नकार दिला. गोष्ट अर्धी असताना ते जाणार कुठे, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. छोटं नेलं तर चालेल, कारण त्याचा पाय दुखतोय, हे मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. सोमवारी आणायचं. शेवटासकट.

शुक्रवारी बायकोने अर्धी रजा काढली. छोट्या बदकाची पट्टी तिने उजव्या पडद्याला हाताने शिवली. उपसंपादक सुईत दोरा ओवून देत होते. एकदा त्यांनी दोरा आखूड तोडला. बायकोने नुसतं वर पाहिलं. पुढचा दोरा त्यांनी हातभर जास्त घेतला.

उजवा पडदा पूर्ण झाला. डावा अकरा इंच तोकडाच राहिला. गठ्ठे काढले होते, तेव्हा डाव्या पडद्याखालून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावरून, आता सवयच लागल्यामुळे, दोघेतिघे आत डोकावून ताजी बातमी शोधत होते.

“ताईला काय सांगायचं?” उपसंपादकांनी विचारलं. “धुवायला दिलाय म्हणू? उंदराने...”

“तुम्ही काही सांगू नका. मी सांगेन. दोन वाक्यांत.”

साडेपाच वाजता बेल वाजली. ताई आत आली. चार वर्षांनी दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि दोघींनी एकाच वेळी विचारलं, “बरी आहेस ना?” मग दोघी एकाच वेळी “हो” म्हणाल्या. ताई सोफ्याच्या कडेवर बसली, पाठ न टेकता, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. निघायला सोपं जावं अशा बेताने लोक बसतात तशी.

मग तिची नजर खिडकीकडे गेली. पडदे ओढलेले होते. उजवीकडून छोटं बदक एक पाय उचलून निघालं होतं. डावीकडे काहीच नव्हतं. त्या जागी एक अनोळखी गृहस्थ कुंपणावरून आत बघत होते. ते दचकून निघून गेले.

“थोरलं कुठंय?” ताईने विचारलं. आवाज शांत होता. उपसंपादकांना तो आवाज ओळखीचा वाटला. बायको मंगळवारी याच आवाजात बोलली होती.

“शाळेत आहे,” ते बोलून गेले.

ताईच्या भुवया वर गेल्या. “शाळेत?”

“ताई, मी सांगते,” बायको घाईने पुढे झाली. “थोडक्यात सांगायचं तर...”

“थोडक्यात नको,” उपसंपादक म्हणाले.

बायको थांबली. ते स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल ओढून ताईसमोर बसले. गुडघे पुन्हा हनुवटीशी आले. त्यांनी चष्मा पुसला, आणि सुरुवात केली, पण मंगळवारपासून नाही. त्यांनी चार वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीपासून सुरुवात केली, ज्या रात्री एक जाहिरात उशिरा आली होती आणि डेस्कवर एका ग्रंथालयावरचा लेख होता. त्या लेखाचा शेवटचा परिच्छेद त्यांनी जेवढा आठवला तेवढा म्हणून दाखवला. कपाटं, पहिला पगार, पोत्यातली पुस्तकं. बायकोने तो पहिल्यांदाच ऐकला. ती भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच खाली बसली.

हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार, पावणेसात वाजता उपसंपादक शिलाईच्या दुकानापर्यंत पोहोचले होते. चहा दोनदा गार झाला होता. समोरच्या काकू रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे सेक्रेटरी. छोटं बदक सोमवारी सकाळी बालवाडीत परत द्यायचं आहे, मोठं सोडायला मुलं तयार नाहीत, आणि गोष्टीचा शेवट अजून ठरलेला नाही. ताईची पर्स मांडीवरच होती. मात्र एक हात सुटून सोफ्यावर, शेजारच्या रिकाम्या जागेवर आला होता.

“...आणि मास्तरांनी मला विचारलं, साहेब, हे कागदासकट कापू?” उपसंपादक म्हणाले आणि थांबले.

काकूंनी रिकामी वाटी दुसऱ्या हातात घेतली.

“मग?” ताईने विचारलं.